जीएनएमला नाव घालण्याआधी

बारावीचा निकाल लागला की आमच्या घरी माणसं यायला लागतात. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत दाखले आणि शेजारी एक गप्प बसलेली पोरगी. कुणी गडहिंग्लजहून, कुणी चंदगडहून, कुणी राधानगरीहून. यंदा माझ्या धाकट्या बहिणीची मुलगीच आली. आमच्याकडच्या पोरी बोलतात तसंच म्हणाली, “मावशी, मी नर्सिंगला जातो.” मी 22 वर्षं वॉर्डात आहे, त्यातली शेवटची काही वर्षं इनचार्ज म्हणून. जीएनएम या नर्सिंगच्या डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाच्या मुली दरवर्षी माझ्या वॉर्डात येतात. भाचीला दोन रात्री बसून जे सांगितलं ते इथं लिहून काढते. जिची मावशी सिस्टर नाही, तिलाही ते मिळायला हवं.

कोर्स नेमका कुठला?

आपल्याकडे सगळ्यालाच ‘नर्सिंग’ म्हणतात आणि घोटाळा इथंच सुरू होतो. एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) दोन वर्षांचा, फक्त मुलींसाठी. त्यातून उपकेंद्रावरची, गावपातळीवरची आरोग्यसेविका घडते. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) तीन वर्षांचा डिप्लोमा. मुलगे, मुली दोघांनाही खुला. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांची पदवी. तिला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी लागतं, सीईटी द्यावी लागते आणि ती नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली चालते. जीएनएम करून पुढं दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं, त्यामुळं जीएनएम घेतलं म्हणजे पदवीचं दार बंद झालं असं नाही.

या तिन्हींच्या बाहेर जे काही आहे, सहा महिन्यांचं, वर्षाचं, ‘नर्सिंग असिस्टंट’, ‘पेशंट केअर’ वगैरे, त्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलला परिचारिका म्हणून नाव लागत नाही. हे मी ठासून सांगते, कारण यात मी स्वतः एक वर्ष घालवलंय. बारावी आर्ट्स झाल्यावर तालुक्याच्या गावी एका दुकानाच्या माडीवर चालणाऱ्या वर्षाच्या कोर्सला वडिलांनी मला घातलं. फीसाठी दुभती म्हैस विकली. वर्षाअखेरीस सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट मिळालं. ते घेऊन मी एका हॉस्पिटलात नोकरीला गेले, तर तिथल्या मेट्रननं, म्हणजे मुख्य परिचारिकेनं, ते हातात घेऊन दोनदा वाचलं आणि विचारलं, “बाळ, तुझा कौन्सिलचा नंबर कुठाय?” असा नंबर असतो हेच मला ठाऊक नव्हतं. घरी येऊन वडिलांना सांगताना माझ्या तोंडून शब्द फुटेना. पुढच्या वर्षी मी जीएनएमला पहिल्यापासून सुरुवात केली.

म्हणून पैसे भरण्याआधी कॉलेजच्या ऑफिसात उभं राहून विचारा: यंदाच्या वर्षासाठी भारतीय नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल यांची मान्यता आहे का, पत्र दाखवा. गेल्या वर्षी होती हे उत्तर चालणार नाही. दोन्ही कौन्सिलांच्या संकेतस्थळांवर संस्थेचं नाव स्वतः शोधा, मोबाईलवर पाच मिनिटांत होतं. परीक्षा कोण घेतं हे विचारा. महाराष्ट्रात जीएनएमची परीक्षा राज्याचं नर्सिंग व पॅरामेडिकल शिक्षण मंडळ घेतं, संस्था स्वतः नव्हे. आणि मुलींना प्रॅक्टिकलला कुठल्या हॉस्पिटलला पाठवता, ते दाखवा म्हणा. ज्या हॉस्पिटलचे वॉर्ड रिकामे, तिथं शिकणारी मुलगी तीन वर्षं बेडशीटच्या घड्या घालत बसते. कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात ज्यांना पोस्टिंग मिळतं त्यांच्या हाताखालून इतके पेशंट जातात की हात आपोआप बसतो.

आपला कोल्हापूर जिल्हा सीमेवरचा, त्यामुळं कर्नाटकातल्या कॉलेजांचे एजंट जूनमध्ये गावोगाव फिरतात. तिकडं चांगली कॉलेजं आहेत, नाही म्हणत नाही. पण तिथं शिकलात तर आधी त्या राज्याच्या कौन्सिलला नोंदणी आणि मग इकडं, ही वाट लक्षात ठेवा. मूळ दाखले एजंटच्या हातात देऊ नका, काही झालं तरी.

पात्रता आणि दाखले

कागदावरची पात्रता फार मोठी नाही. बारावी कुठल्याही शाखेतून पास, सायन्स असेल तर बरं. एकूण गुण किमान 40 टक्के आणि इंग्रजी विषयात वेगळे 40 टक्के. प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरला वयाची 17 वर्षं पूर्ण हवीत, 35 च्या वर नको. आणि शरीरानं तंदुरुस्त असल्याचा डॉक्टरांचा दाखला. इंग्रजीच्या त्या 40 टक्क्यांवर दरवर्षी कुणी ना कुणी अडकतं. एकूण 68 टक्के आणि इंग्रजीत 36, असा कागद घेऊन आलेल्या आईसमोर बसणं मला फार जड जातं.

प्रवेशाच्या तारखा आणि पद्धत दरवर्षी सरकारी सूचनेत येते. ती सूचना स्वतः वाचा, शेजारणीच्या मुलीला गेल्या वर्षी काय झालं त्यावर जाऊ नका.

दाखल्यांत वेळ खाणारा एकच आहे: जात वैधता प्रमाणपत्र. राखीव जागेवर अर्ज करायचा तर त्याचा अर्ज बारावीत असतानाच, कॉलेजमार्फत गेला पाहिजे. आजोबांच्या शाळेचा दाखला, जुन्या नोंदी हे शोधण्यातच महिने जातात. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आदेशानं 1902 साली जागा राखीव झाल्या, तिथलीच पोरगी एका कागदासाठी हक्काच्या जागेला मुकते, हे मी पाहिलंय आणि ते मला सहन होत नाही. बाकी नॉन क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला हे सेतूतून किंवा आपले सरकारवरून निघतात. दहावीची गुणपत्रिका व सर्टिफिकेट, बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पासपोर्ट फोटो. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती बँक खात्याला आधार जोडलेला नसेल तर अडकते, तेही आधीच बघा.

सगळं डिजिलॉकरमध्ये ठेवा किंवा स्कॅन करून स्वतःच्या ईमेलवर पाठवा. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी चिखली, आंबेवाडीत शिरलं तेव्हा माझ्या ओळखीच्या एका घरात गुणपत्रिकांचा लगदा झाला. दुय्यम प्रत बोर्डाच्या कोल्हापूरच्या विभागीय कार्यालयातून मिळाली, पण पाणी ओसरून, चिखल काढून, अर्ज करून मिळेपर्यंत तिची जागा गेली होती.

इंग्रजीची भीती

मराठी माध्यमातून आलेल्या मुली पहिल्या तीन महिन्यांत रडतात. पुस्तकं इंग्रजी, उत्तरपत्रिका इंग्रजी. पहिल्या वर्षाला अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी, नर्सिंग फाउंडेशन, कम्युनिटी हेल्थ, न्यूट्रिशन, असं सगळं एकदम अंगावर येतं. मीही रडलेय. पण यावर एक उपाय मला सापडला आणि तो मी प्रत्येकीला देते.

दोनशे पानी वही घ्या, पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडं पेशंट जो शब्द वापरतो तो लिहा, उजवीकडं केस पेपरवर जो जातो तो. घेरी: गिडिनेस. उमासे: नॉशिया. ढाळ: लूज मोशन्स. धाप: ब्रेथलेसनेस. रोज दहा शब्द. वर्षात ही वही तुमचं सगळ्यात मोलाचं पुस्तक होते, कारण डावी बाजू कुठल्याही छापील पुस्तकात मिळत नाही. शहरात वाढलेल्या एका विद्यार्थिनीला भुदरगडच्या आजीबाई म्हणाल्या, “पोरी, उन्हाळी लागलीया.” तिनं लिहिलं, पेशंटला उन्हाचा त्रास. आजींना लघवीला जळजळ होत होती. तशीच ‘अंगावरून जातंय’ ही तक्रार: लाल जातंय की पांढरं, किती दिवस, किती घड्या बदलाव्या लागतात, हे विचारल्याशिवाय लिहायचं नाही. आपल्या मराठीला कमी समजू नका. पेशंट डॉक्टरांना जे सांगायला लाजतो ते तो आपल्या बोलीत सिस्टरला सांगतो. तुम्ही त्याच बोलीतल्या असाल तर तुमचं अर्धं काम झालेलं असतं.

हिशेब पक्का हवा

आर्ट्सच्या मुलींना वाटतं गणित सुटलं. सुटलेलं नाही. ते अवघड नाही, पण चुकायची मुभा नाही. हे दोन हिशेब प्रवेशाआधीच घटवा.

500 मिली सलाइन 8 तासांत द्यायचं आहे. सेटवर लिहिलंय 20 थेंब म्हणजे 1 मिली. 500 गुणिले 20 म्हणजे 10,000 थेंब. 8 तास म्हणजे 480 मिनिटं. भागाकार 20.8, म्हणजे मिनिटाला 21 थेंब. सेट बदलला की थेंबांचं माप बदलतं, म्हणून पाकिटावरचा आकडा दर वेळी वाचायचा.

दुसरा: 10 किलोच्या बाळाला पॅरासिटामॉल किलोमागे 15 मिलिग्रॅम सांगितलंय, म्हणजे 150 मिलिग्रॅम. बाटलीवर लिहिलंय 5 मिलीत 125 मिलिग्रॅम, म्हणजे 1 मिलीत 25. उत्तर 6 मिली. पण त्याच औषधाची 5 मिलीत 250 ची बाटलीही मिळते, तीतून 6 मिली दिलं तर बाळाला दुप्पट गेलं. हिशेब बरोबर आणि बाटली चुकीची, असं होतं. म्हणून बाटली कपाटातून काढताना वाचायची, औषध घेताना वाचायची आणि परत ठेवताना वाचायची.

शरीराची तयारी

हेपॅटायटिस बी ची लस प्रवेशाआधी सुरू करा. तीन डोस: पहिला आज, दुसरा महिन्यानं, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. म्हणजे जूनमध्ये घेतला तर डिसेंबरात पूर्ण होतो. वॉर्डात पाऊल पडायच्या आधी निदान दोन झालेले बरे. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं आहे का बघा. हिमोग्लोबिन तपासा. गावाकडून येणाऱ्या कितीतरी मुलींचं 9, 10 असतं आणि घरी कुणाला पत्ता नसतो. बाईचं 12 च्या वर हवं. पहिल्या आठवड्यात ड्रेसिंग बघून चक्कर आली की सगळे म्हणतात पोरगी रक्ताला घाबरली; बऱ्याचदा ती सकाळी उपाशी आलेली असते. नाश्ता केल्याशिवाय ड्युटीवर येऊ नका.

नखं बोटाच्या टोकाच्या आत. मेंदी, नेलपॉलिश, अंगठी, बांगड्या नाहीत. केसांचा आंबाडा, जाळी. बंद बूट, आवाज न करणारे. सेकंदकाटा असलेलं घड्याळ, शक्यतो छातीला लावायचं, कारण मनगटापर्यंत हात धुवायचे असतात. नाडी मोबाईलवर मोजायची नाही.

आता एक गोष्ट जी मी बराच काळ कुणाला सांगितली नव्हती. दुसऱ्या वर्षाला असताना इंजेक्शन दिल्यावर मी सुईला परत टोपण घालायला गेले आणि सुई अंगठ्यात शिरली. रक्ताचा एक थेंब आला. ट्यूटर ओरडतील म्हणून मी अंगठा मुठीत धरला आणि गप्प बसले. पाचव्या दिवशी रात्री मैत्रिणीपाशी रडले, तिनं मला ओढत नेलं. तोवर औषधाची वेळ निघून गेली होती. एचआयव्ही टाळायचं औषध 72 तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, पहिल्या दोन तासांत झालं तर उत्तम, आणि ते 28 दिवस घ्यायचं असतं. माझ्या तपासण्या सगळ्या निगेटिव्ह आल्या, पण ते तीन महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. म्हणून माझ्या वॉर्डात येणाऱ्या प्रत्येकीला पहिल्या दिवशी हेच सांगते: सुईला टोपण परत घालायचं नाही, सुई थेट पांढऱ्या डब्यात. टोचलीच तर वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं, बोट दाबून पिळायचं नाही, चोखायचं नाही, आणि त्याच मिनिटाला इनचार्जकडं यायचं. ओरडा बसणार नाही. कुणी ओरडलंच तरी यायचं.

औषधाच्या चुकीचंही तेच. चुकीची गोळी दिली गेली हे लगेच कळलं तर बहुतेक वेळा काहीतरी करता येतं. तासाभरानं कळलं तर हातातून गेलेलं असू शकतं. नोंदवहीत जे केलं तेच आणि केलं तेव्हाच लिहायचं. बीपी घेतला नसेल तर रकाना कोरा ठेवा. कोऱ्या रकान्याकडं बघून मी स्वतः उठून बीपी घेईन, पण तुम्ही अंदाजानं 120 वर 80 लिहिलंत तर मी त्या पेशंटकडं फिरकणारच नाही.

हजेरी

कॉलेजात लेक्चर बुडवायची सवय असेल तर ती इथं सोडायची. परीक्षेला बसायला प्रत्येक विषयात थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीची किमान 80 टक्के हजेरी लागते, कारण काहीही असो. आणि डिप्लोमा हातात पडण्याआधी प्रॅक्टिकलची 100 टक्के भरून द्यावी लागते. आजारी पडलात तरी ते दिवस नंतर भरायचेच. पास होण्यासाठी थिअरी आणि प्रॅक्टिकलमध्ये वेगवेगळे 50 टक्के.

दुसऱ्या वर्षाला मेडिकल-सर्जिकल, मानसिक आरोग्य, लहान मुलांचं नर्सिंग. तिसऱ्याला मिडवायफरी. त्याची केसबुक भरताना 30 गरोदर बायकांची तपासणी आणि 20 नॉर्मल बाळंतपणं स्वतःच्या हातानं करावी लागतात. बाळंतपण दुपारच्या पाळीत, चहानंतर होत नाही. लेबर रूमबाहेर रात्र रात्र बसावं लागतं. मुलग्यांनाही हा विषय आहे. आईची परवानगी घेऊन, सिस्टर सोबत असताना, नजर आणि हात दोन्ही सांभाळून काम करणारे ब्रदर मी पाहिलेत आणि बायका त्यांना आशीर्वाद देऊन गेल्यात.

कम्युनिटी पोस्टिंगला प्राथमिक आरोग्य केंद्र, घरभेटी. दारात चप्पल काढा, दिलेलं पाणी प्या, आणि मग ब्लडप्रेशरची मशीन बाहेर काढा. हे कुठल्या अभ्यासक्रमात नाही, पण याशिवाय कुणी खरं सांगत नाही.

घरच्यांशी बोलून ठेवा

प्रवेशाआधी आईवडिलांना जवळ बसवून दोन गोष्टी सांगा. पहिली खर्चाची: फीशिवाय गणवेश, बूट, पुस्तकं, प्रोसिजर बुक, केसबुक, चार्ट, होस्टेल, मेस, परीक्षा फी. ऑफिसातून पूर्ण तीन वर्षांचा आकडा लेखी मागा आणि भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या. दुसरी पाळ्यांची: सकाळ, दुपार, रात्र, आणि त्यात सण येतात. 2019 च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, पाळी बदलायला येणाऱ्या आमच्या रिलिव्हर येऊच शकल्या नाहीत. आम्ही होत्या तेवढ्या जणींनी आळीपाळीनं स्टोअरमध्ये पाठ टेकली आणि वॉर्ड चालवला. माझा मुलगा तेव्हा पाचवीत होता, शेजारच्या काकूंकडं जेवत होता.

भाचीच्या आईला, म्हणजे माझ्या बहिणीलाच, हे सगळ्यात अवघड गेलं. ती म्हणाली, “लक्ष्मीपूजनाला तरी सोडतील की गं?” मी तिला ड्युटी चार्ट कसा लागतो ते समजावलं: दिवाळीला ज्या राहतात त्यांना पुढच्या सणाला सुट्टी मिळते, आणि पहिल्या वर्षी नवीन मुलींनी आपणहून दिवाळीची ड्युटी मागितली तर सिनिअर कायम लक्षात ठेवतात. बहीण गप्प झाली. मग तिनं विचारलं, डबा घेऊन आलेलं चालतं का. चालतं. वॉर्डाबाहेर, भेटीच्या वेळेत, आणि दोघी-तिघींना पुरेल एवढा आणायचा, कारण शेजारच्या वॉर्डातली चंदगडची पोरगीही घरी गेलेली नसते.